टायर तापलेले, ब्रेक गार : कोकणात ऑटोक्रॉससाठी हवा आणि पॅड ठरवताना

ऑटोक्रॉसची एक धाव म्हणजे जेमतेम मिनिटभराचा कारभार. कोन, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू, मांडलेला वेडावाकडा मार्ग, बराचसा वेळ दुसरा गिअर, वेग क्वचित ताशी ८० च्या वर आणि चार-पाच वेळा कचकचून ब्रेक. टायर आणि ब्रेक दोन्ही पहिल्या वळणाला तयार हवेत, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत गाडी 'लागते' ही सर्किटवरची चैन इथे नाही. त्यामुळे सर्किटवरचे आकडे इथे चालत नाहीत. घाटावरच्या मित्राने दिलेले आकडेही कोकणात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एप्रिलच्या उन्हात रांगेत उभ्या उभ्याच टायर तापतात, आणि रात्रभर खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, सकाळी तांबूस थर चढलेला असतो. म्हणून आम्ही हवा ठरवतो ती गरम टायर धरून आणि ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, निवडतो ते गार ब्रेक धरून.

आकड्यांसाठी गाडी धरली आहे ती आपल्याकडे सर्रास दिसणारी: पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक, वजन ९०० किलोच्या आसपास, १८५/६५ आर१५ रस्त्याचे टायर, पुढे डिस्क, मागे ड्रम. स्विफ्ट म्हणा हवं तर. सेडान किंवा त्याहून जड गाडी असेल तर आकडे एक-दोन पीएसआय (टायरमधल्या दाबाचं एकक) वर सरकतील, पद्धत तीच राहते.

आधी गेज, मग हवा

स्वतःचा एकच गेज ठेवा आणि कायम तोच वापरा. पेट्रोल पंपावरचं मशीन, पंक्चरवाल्याचा पेनसारखा गेज आणि तुमचा डिजिटल गेज यांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो, आणि आपण तर एकेका पीएसआयवर वाद घालणार. गेज खरा आकडा दाखवतो की एकाने जास्त, याला फारसं महत्त्व नाही. रोज सारखाच दाखवतो का, एवढं बघा. हवा सोडायचं बटण असलेला, छोट्या रबरी नळीचा गेज घेतला की वाकून व्हॉल्व्हची पिन दाबत बसावं लागत नाही.

थंड दाब मोजायचा तो सकाळी, सावलीत, चारही चाकं सारखी गार असताना. एका बाजूला ऊन आलं की त्या बाजूचे काळे टायर लगेच फुगतात, आणि मग डावी-उजवी बाजू 'सारखी' करायला गेलात की प्रत्यक्षात ती वेगळी करून बसता. हिशोब सोपा आहे. ३३ पीएसआयवर टायरमधली हवा दर १० अंशांना सुमारे दीड पीएसआय वाढते. ३० अंशांवर ३३ भरलेला टायर ६० अंशांवर गेला की पावणेअडतीसच्या आसपास दिसेल. ही झाली कोरडी हवा.

कोकणातली हवा कोरडी नसते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाला पाणी साचतं, आणि ते रोज काढलं नाही तर हवेबरोबर थोडं टायरमध्येही जातं. आत पाण्याचे थेंब असतील तर त्याच ३० ते ६० अंशांच्या प्रवासात वाफेमुळे आणखी सव्वादोन-अडीच पीएसआय चढतो. चारपैकी एकाच टायरचा दाब दरवेळी जास्त वाढत असेल तर आम्ही आधी हाच संशय घेतो. उपाय म्हणजे व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा करायचा आणि टाकीचा तळाचा कॉक उघडून पाणी काढलेल्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरायचा. थेंब जास्त असतील तर टायर रिमवरून उतरवून पुसावा लागतो. नायट्रोजनचा खरा फायदा असलाच तर तो कोरडेपणाचा. तो जवळ मिळत असेल तर भरा, पण त्यासाठी वीस किलोमीटर जाऊ नका.

टायर नवा असो की जुना, कडेवरचा चार आकडी कोड वाचा. १४२३ म्हणजे २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसते म्हणून सहा-सात वर्षांचे टायर स्पर्धेला ठेवणारे लोक आहेत. रबर तोवर दगडासारखं झालेलं असतं आणि हवेशी कितीही खेळलात तरी पकड येत नाही. रिमही बघा. खाऱ्या हवेत लोखंडी रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे गंज धरतो आणि हवा हळूहळू मरते. टायर उतरवला की ती कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्यायची, हे पंक्चरवाल्याला आठवणीने सांगावं लागतं.

डांबरावर: खडू आणि त्रिकोण

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला दाब हा चार माणसं, सामान, आराम आणि मायलेज यांच्या तडजोडीचा आहे. त्या दाबावर कोनमध्ये गाडी फेकली की बाहेरचा पुढचा टायर नक्षी सोडून कडेवर लोळतो. हॅचबॅकच्या पुढच्या सस्पेन्शनला कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल, जवळपास नसतोच, त्यामुळे हे लोळणं आणखी वाढतं. कॅम्बर बदलायला परवानगी नसलेल्या क्लासमध्ये (स्पर्धेच्या गटात) आपल्या हातात उरते ती हवा.

आम्ही डांबरावर सुरुवात पुढे ३६, मागे ३८ अशी करतो, दोन्ही थंड. मग शाळेतला पांढरा खडू घेऊन पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, नक्षीच्या कडेपासून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत, घेरावर तीन ठिकाणी जाड रेघा मारायच्या. बहुतेक टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण असतो. तो मुळात झिजेची खूण नक्षीत कुठे आहे हे दाखवायला असतो, पण टायर कुठवर लोळला ते वाचायलाही सोयीचा पडतो. रेघ शक्यतो त्याच्यावरून जाऊ द्या. धाव झाली की रेघ बघायची. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर ठीक. त्याच्या खाली, भिंतीवरही पुसला असेल तर हवा कमी, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या वर बोटभर रेघ शाबूत असेल तर टायरचा कडेचा भाग कामालाच आलेला नाही. एक-एक पीएसआय कमी करत या.

तीन ठिकाणी रेघा कशासाठी, तर ब्रेक लावून चाक क्षणभर अडकलं आणि नेमकी तिथली रेघ घासली गेली, तर एकट्या रेघेवरून चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन रेघा एक सांगतात आणि तिसरी वेगळं, तर दोघींचं ऐकायचं.

दाब मोजायचा तो धाव संपल्या संपल्या, गाडी थांबल्याच्या पहिल्या मिनिटात. गप्पा मारून, हेल्मेट ठेवून, पाणी पिऊन मग मोजलात तर तो आकडा ना थंड ना गरम. वहीत गरम दाबच लिहायचा आणि पुढच्या वेळी तोच गाठायचा. आमच्या वहीत एका ओळीत असतं: वेळ, ऊन की ढग, जमीन, चारही चाकांचा गरम दाब, खडू कुठवर गेला, आणि गाडी कशी वागली ते दोन शब्दांत. 'पुढून सुटते', 'मागून हलते' एवढं पुरतं.

पुढचं जमलं की मागच्या चाकांकडे वळायचं. पुढे ओढणाऱ्या गाडीचं नाक वळायला मागतं कमी आणि सरळ जायला जास्त. मागच्या टायरमध्ये हवा वाढवली की त्यांची पकड जरा कमी होते आणि ऍक्सिलरेटर सोडताच शेपूट वळायला मदत करते. ३८ वरून ४०, मग ४२, असं दोन-दोनने चढायचं. टायरच्या भिंतीवर कमाल दाब कोरलेला असतो, बहुधा ३०० किलोपास्कल म्हणजे ४४ पीएसआय किंवा ३५० म्हणजे ५१. गरम झाल्यावरचा आकडासुद्धा त्याच्या आतच राहील असं आम्ही बघतो. मागे हवा जास्त झाल्याचं लक्षण सहसा वळणात दिसत नाही. ते दिसतं स्लॅलम (ओळीतल्या कोनमधून नागमोडी जाणं) संपल्यावर सरळ ब्रेक लावताना. मागची बाजू तिथे एकदम हलकी पडते. तसं जाणवलं की दोन पीएसआय लगेच उतरवा, चालवणारा कितीही म्हणाला की मला सवय होईल.

इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याच जणांकडे असतो. तो फक्त वरच्या कातडीचं तापमान सांगतो आणि ती कातडी काही सेकंदांत गार होते. तरीही आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे पटकन घेतले तर दिशा कळते. मध्य सगळ्यात गरम म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य गार म्हणजे हवा कमी. फक्त बाहेरची कड गरम असेल तर तो बराचसा कॅम्बरचा भाग आहे, हवेने तो पूर्ण सुटणार नाही. थर्मामीटर आणि खडू यांचं भांडण झालं तर आम्ही खडूच्या बाजूने असतो.

एकाच गाडीवर दोघे आळीपाळीने उतरत असतील तर टायरला थंडावायला वेळच मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या धावेला दाब तीन-चार पीएसआय वर गेलेला असतो, रबर चिकट होऊन घसरू लागतं. प्रत्येक धावेनंतर हवा सोडून ठरलेल्या गरम दाबावर आणायची. त्यासोबत पाणी मारायला आंब्यावर फवारणीचा पाठीवरचा पंप उत्तम, फक्त तो औषधाला न वापरलेला, नवा हवा. औषधाचा तेलकट अंश टायरवर आणि डिस्कवर नको. पाणी नक्षीवर मारायचं, चाकाच्या आत डिस्ककडे नाही. आपल्या दमट हवेत पाणी लवकर उडून जात नाही, त्यामुळे नंबर यायच्या चार-पाच मिनिटं आधी फवारणी थांबवा, नाहीतर ओले टायर घेऊन लाइनवर जाल आणि पहिल्याच कोनला नाक सुटेल. खरं तर पाण्यापेक्षा सावली बरी. उन्हाच्या बाजूच्या चाकांपुढे झावळीचा झाप टेकवून ठेवला तरी दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहायला मदत होते.

सड्यावर, मातीवर

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बऱ्याचदा मातीचाच ट्रॅक. रत्नागिरीपासून देवगडपर्यंतचे सडे म्हणजे वर लाल धुरळा आणि सुपारीएवढे जांभ्याचे खडे, खाली कातळ. पहिल्या काही गाड्या धुरळा आणि खडे बाजूला सारतात, आणि दुपारपर्यंत रेषेवर उघडा, खरखरीत जांभा वर येतो. म्हणजे सकाळी जो ट्रॅक घसरडा होता तोच दुपारी पॉलिश पेपरसारखा टायर खातो. सकाळचा दाब दुपारी चालत नाही, तो याच कारणाने.

सुट्या मातीवर डांबराच्या उलट, हवा कमी लागते. टायर थोडा पसरला पाहिजे, खड्यांवर उड्या मारता कामा नये. सुरुवात पुढे २६, मागे २८. सकाळच्या धुरळ्यात पुढे २४ पर्यंत जाता येतं. त्याखाली आम्ही जात नाही. गाडी आडवी घसरत असताना बाहेरच्या टायरची कड रिमवरून ओढली जाते, मधल्या फटीत खडे-माती शिरते आणि ट्यूबलेस टायर हवा सोडतो. कधी पूर्ण उतरतो, कधी नुसता 'फुस्स' करून पाच-सात पीएसआय गमावतो. हा दुसरा प्रकार वाईट, कारण पुढच्या धावेपर्यंत कळत नाही. धाव झाल्यावर रिम आणि टायरच्या मधल्या रेषेत लाल मातीची जाड पट्टी अडकलेली दिसली तर तो इशारा समजा: दोन पीएसआय वाढवा आणि माती खरवडून काढा. कातळ उघडा पडायला लागला की पुढे २८ ते ३० वर या. नाहीतर जांभ्याची धारदार कड टायरच्या भिंतीला आणि रिमला एकदमच भेटते.

व्हॉल्व्हची टोपी मातीवर लावलीच पाहिजे. धुरळ्याचा एक कण पिनमध्ये बसला की हवा जात राहते आणि दिवसभर पंक्चर शोधत बसावं लागतं. पट्टी घालून काढलेलं पंक्चर नक्षीच्या मधोमध असेल तर चालेल; खांद्याजवळचं असेल तर तो टायर स्टेपनीत टाका.

मातीवर खडूची युक्ती फारशी चालत नाही, सगळंच पुसलं जातं. तिथे कान आणि हात. पुढची चाकं सुटताना नुसती खरखर ऐकू आली आणि स्टिअरिंग हलकं पडलं तर हवा जास्त. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळते, असं वाटलं तर कमी.

पावसाचं थोडक्यात. डांबर नुसतं ओलं असेल, पाणी साचलेलं नसेल, तर टायर तापत नाही आणि लोळतही कमी, म्हणून कोरड्यातल्या गरम दाबापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी. डबकी असतील तर उलट, आहे तो दाब ठेवा किंवा दोनने वाढवा. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. विमानांच्या टायरवरून आलेल्या जुन्या ठोकताळ्याने ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २६ ला ८५. ऑटोक्रॉसचा वेग याच्या खालीच असतो, पण नक्षी झिजलेली असेल तर हा हिशोब विसरा. ओल्या लाल मातीवर रस्त्याचे टायर कुठल्याच दाबावर चालत नाहीत. नक्षीत चिखल भरला की संपलं.

पॅडचा हिशोब

ब्रेक पॅडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की शर्यत म्हणजे शर्यतीचे पॅड. आकडे मांडून बघा. चालकासह १,००० किलोची गाडी ताशी ८० वरून ४० वर आणली तर साधारण १८५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली पाऊण पुढच्या दोन डिस्कमध्ये धरली आणि एक डिस्क साडेचार किलोची धरली, तर एका ब्रेकिंगला डिस्क तीसेक अंशांनी तापते. मिनिटात असे पाच ब्रेक. सुरुवातीला डिस्क ५० अंशांवर असेल तर शेवटी २०० च्या आत. मग पुढची पाळी येईपर्यंत पुन्हा गार. २०० अंशांच्या पुढे जागे होणारे पॅड या सगळ्यात झोपूनच राहणार. पहिल्या कोनला पाय दाबला की लाकडावर दाबल्यासारखा लागतो, गाडी थांबत नाही. वर ते गार असताना डिस्क खातात.

आता हीच गाडी स्पर्धेहून घाट उतरून घरी येते असं धरा. ५०० मीटर उंची उतरताना ४,९०० किलोज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात, म्हणजे त्या एका ब्रेकिंगच्या सव्वीसपट. इंजिन, हवा आणि टायर त्यातला बराच भाग उचलतात, तरी गिअर न उतरवता आंबोली किंवा आंबा घाटात ब्रेकवरच गाडी सोडणारा माणूस पॅड ऑटोक्रॉसच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त तापवतो. तेव्हा पॅड असे हवेत की ५० अंशांवर लगेच चावतील आणि घाटात ४०० पर्यंत सोडणार नाहीत. त्यापलीकडची क्षमता विकत घेऊन उपयोग नाही.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो: ईई, एफएफ, जीएफ. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफएफच्या खाली आम्ही घेत नाही. पण या कोडवर विसंबूनही राहू नका. तो इंचभर तुकड्यावर प्रयोगशाळेत काढलेला असतो, आणि पहिल्या अक्षराची चाचणीसुद्धा साधारण ९३ ते २०४ अंशांमध्ये होते. आपली धाव सुरू होते ते तापमान त्यात येतच नाही. म्हणून कंपनी देते ती तापमानाची रेंज बघा. तिची सुरुवात शून्याला किंवा ५० ला असेल तर विचार करा, २०० ला असेल तर दुकानदार काहीही म्हणो, परत ठेवा.

पहिल्या हंगामाला कंपनीचेच पॅड पुरतात, नवे आणि नीट बसवलेले असतील तर. रस्त्यावरच्या टायरवर गाडीची थांबायची मर्यादा टायर ठरवतात. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) थरथरायला लागलं म्हणजे पॅडने आपलं काम केलं. एबीएस फार लवकर येतंय अशी तक्रार असेल तर आधी पुढच्या टायरची हवा तपासा. पॅडच्या नावाने घेतलेल्या शंका बऱ्याचदा दोन पीएसआयमध्ये मिटतात. त्याहून पुढे जायचं तर फेरोडोचे डीएस २५०० किंवा ईबीसीचे यलोस्टफ या पातळीचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी बनलेले पॅड बघावेत. तुमच्या कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) आकारात येतात का ते जुना पॅड हातात घेऊन जुळवा. सेमी-मेटॅलिक पॅडची पूड लोखंडी असते आणि आपल्या हवेत ती अलॉय रिमवर गंजून चिकटते, हे गृहीत धरा. पुढे फार चावरे पॅड आणि मागे ड्रमच्या आत घासणारे लायनर तसेच कंपनीचे असं केलं की ब्रेकचा तोल पुढे सरकतो. डांबरावर ते खपून जातं, मातीवर नाक आणखी सरळ जायला लागतं.

मातीवर तर पकडच कमी, त्यामुळे डिस्क डांबरापेक्षाही गार राहते. तिथे पॅडपेक्षा मागच्या ड्रमवर वेळ घालवा. हॅन्डब्रेकने गाडी फिरवायची तर दोन्ही ड्रमचे लायनर सारखे लागले पाहिजेत. ड्रम काढा, लाल पूड ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका. लायनर ऍडजस्ट करून चाक हाताने फिरवल्यावर हलकी घासट ऐकू येईल इतपत आणा, आणि केबलला शेवटी हात लावा. मातीसाठी काही जण एबीएसचा फ्यूज काढतात. तो काढला की मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडीही बऱ्याच गाड्यांत जाते आणि मागची चाकं आधी अडकतात. आधी मोकळ्या जागी हळू वेगात करून बघितल्याशिवाय हे नको, आणि रस्त्यावर तर नकोच.

बसवताना

कोकणातल्या गाडीत पॅड बदलणं म्हणजे निम्मं काम गंज काढण्याचं. पॅडचे कान ज्या पातळ क्लिपांत बसतात त्या क्लिपांखाली ब्रॅकेटवर गंज फुगतो आणि क्लिप वर उचलतो. नवा पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागला तर समजा हेच झालंय. क्लिपा काढा, खालची जागा तारेच्या ब्रशने, नाहीतर कानशीने, चकचकीत होईपर्यंत घासा, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस नखावर मावेल इतकंच लावा आणि नव्या क्लिपा घाला. पॅड बोटाने पुढे-मागे सरकला पाहिजे. कॅलिपरच्या सरकत्या पिनाही काढून पुसा; त्यांनाही सिलिकॉन ग्रीसच. साधं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिना जाम करतं. जुना आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला निघाला तर पिना अडकत होत्या याची ती खूण.

पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि पातळीवर लक्ष ठेवा, सांडलेलं ऑइल रंग खातं. डिस्कच्या कडेला गंजाची वर आलेली कड असेल तर ती काढा. जुन्याच डिस्कवर नवे पॅड घालत असाल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलगोल घासून जुन्या पॅडचा थर उतरवा आणि साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजा. सगळं बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.

मग बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर रुळवणं. सकाळी रिकामा, सपाट रस्ता बघा; घाटात हे करू नका. ताशी ६० वरून १५ पर्यंत, एबीएस येणार नाही इतक्या दाबाने, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला हवा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. लोक मग डिस्क वाकडी झाली म्हणून लेथवर नेतात. शेवटी दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून गार करा. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली तर गंजाबरोबर हा थरही जातो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला अर्धं बेडिंग पुन्हा करावं लागतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी ओढलेलं ऑइल लवकर उकळतं. डॉट हा ऑइलचा दर्जा. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्याने किमान २३० अंश, ओलं झाल्यावर १५५. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. ऑटोक्रॉसमध्ये ऑइल उकळायची शक्यता कमी, घाटात जास्त. कोकणात दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, लहान डबे घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नसतं. डॉट ५.१ चालतं.

स्पर्धेच्या दिवशी

सकाळी पोचायच्या वाटेवरच पाच-सहा मध्यम ब्रेक मारून डिस्कवरचा रात्रीचा गंज उतरवा. तो पहिल्या धावेसाठी ठेवला तर एका चाकाचा लवकर निघतो, दुसऱ्याचा उशिरा, आणि गाडी एका बाजूला ओढते. पॅड ३ मिलिमीटरवर आले असतील तर त्या दिवशी उतरू नका. नियमपुस्तक आधी वाचलेलं असावं, कुठल्या क्लासमध्ये टायर आणि पॅड बदलायला मुभा आहे ते त्यात असतं.

एका वेळी एकच बदल. हवा आणि पॅड एकाच दिवशी बदललेत तर गाडी सुधारली कशाने ते कधीच कळणार नाही. आमचा क्रम ठरलेला आहे: पुढची हवा, मग मागची हवा, त्यानंतरही ब्रेकची तक्रार उरली तर पुढच्या स्पर्धेआधी पॅड.

मातीवर धाव झाल्यावर चाकातून कर्कश किंचाळी आली तर घाबरू नका. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असतो. गाडी दोन-चार फूट मागे घ्या, बहुतेक वेळा पडतो. नाही पडला तर चाक काढून स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा बाहेर वाकवा, म्हणजे पुढच्या वेळी खडा आपोआप खाली जाईल.

निघण्याआधी चारही टायर स्टिकरवरच्या दाबावर आणा. २६ पीएसआयवर चार माणसं आणि सामान घेऊन महामार्गाला लागलात तर टायरच्या भिंती तापून फुटू शकतात. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर एका चाकाला तीन-चार मिनिटं घेतो, तेवढं थांबा. घरी आल्यावर डिस्क गार झाल्या की चाकांच्या आत गोडं पाणी मारून लाल माती काढा, मग पाच मिनिटं गाडी फिरवून हलके ब्रेक लावत सगळं वाळवा. ओल्या ड्रमवर हॅन्डब्रेक ओढून ठेवलात तर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले मिळतील. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला जांभ्याचा चिरा लावा आणि हॅन्डब्रेक मोकळा सोडा.